मॅग्नेशियम बॅटरीसाठी दुसरा अ‍ॅनोड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिथियमला पर्याय म्हणून मॅग्नेशियमचं नाव निघालं की विद्यार्थ्यांचे प्रश्न साधारण याच वळणाने जातात. एम.एस्सी.चा प्रकल्प निवडणारे, पीएच.डी.च्या पहिल्या वर्षातले आणि नुसत्या कुतूहलाने वाचणारे अशा तिघांनाही उपयोग व्हावा म्हणून ही उत्तरं एकत्र केली आहेत. क्षमता सगळीकडे ‘एमएएच’मध्येच (मिलिअँपिअर-तास) दिली आहे. मोबाइलच्या खोक्यावर असतं तेच हे एकक.

पर्यायी अ‍ॅनोड म्हणजे कशाला पर्यायी?

मॅग्नेशियम धातूच्या पत्र्याला. बॅटरी वापरात असताना ज्या टोकाकडून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात तो अ‍ॅनोड. तिथे सरळ मॅग्नेशियमचा पत्रा लावायचा, डिस्चार्ज होताना तो विरघळेल आणि चार्ज करताना धातू पुन्हा त्यावर चढेल, ही मूळ कल्पना. पर्यायी अ‍ॅनोडमध्ये मॅग्नेशियम सुट्या धातूच्या रूपात नसतो. बिस्मथ, कथील, अँटिमनी किंवा एखादं ऑक्साइड यजमान असतं आणि मॅग्नेशियम त्यात शिरतो, बाहेर पडतो.

पण मॅग्नेशियम धातू तर उत्तम अ‍ॅनोड आहे असं सगळीकडे वाचतो. मग तो सोडायचा कशासाठी?

वाचता ते खरं आहे. मॅग्नेशियमचा प्रत्येक अणू दोन इलेक्ट्रॉन देतो. एका घन सेंटिमीटर धातूत ३८३३ एमएएच साठा मावतो. लिथियम धातूत तो सुमारे २०६० आणि लिथियम भरलेल्या ग्राफाइटमध्ये सुमारे ८००. मॅग्नेशियम पृथ्वीच्या कवचात मुबलक आहे, समुद्राच्या पाण्यातही आहे. तो ६५० अंशांना वितळतो, लिथियम १८० अंशांनाच. हवेत उघडा ठेवला तरी मॅग्नेशियमचा पत्रा लिथियमसारखा लगेच खराब होत नाही.

अडचण पत्र्यात नाही, पत्रा ज्या द्रवात बुडतो त्यात, म्हणजे इलेक्ट्रोलाइटमध्ये आहे. लिथियम बॅटरीत वापरतात तसे कार्बोनेट द्रावक मॅग्नेशियमला लागले की त्याच्या पृष्ठभागावर विघटन होऊन एक पातळ थर बसतो. त्या थरातून मॅग्नेशियमचे आयन जवळपास जातच नाहीत. पत्रा आत शाबूत राहतो, पण बॅटरीच्या दृष्टीने तो मेलेला असतो.

थर तर लिथियमवरही बसतो. तो चालतो आणि हा का चालत नाही?

लिथियमवरच्या थरातून लिथियमचे आयन पार होतात, म्हणून तो संरक्षक ठरतो. मॅग्नेशियमचा आयन आकाराने लिथियमएवढाच आहे, किंबहुना किंचित लहान: ०.७२ अँगस्ट्रॉम, लिथियमचा ०.७६. पण त्याच्यावर विद्युतभार दुप्पट. त्यामुळे ऑक्साइड, फ्लुओराइड किंवा कार्बोनेट अशा घन पदार्थात शिरला की शेजारच्या ऋणभारित अणूंना तो घट्ट चिकटतो आणि पुढे सरकायला तयार होत नाही. मॅग्नेशियम बॅटरीच्या बहुतेक दुखण्यांचं मूळ या दुप्पट भारात आहे. कॅथोडमधली (म्हणजे बॅटरीच्या समोरच्या टोकातली) संथ गती, द्रावकातून सुटं होताना लागणारी जादा ऊर्जा, पृष्ठभागावरचा बंद थर, सगळं तिथूनच येतं.

थर बसणारच नाही असा इलेक्ट्रोलाइट नाही का?

आहे, आणि बराच जुना आहे. ग्रिन्यार अभिकारकांच्या (मॅग्नेशियमच्या सेंद्रिय संयुगांच्या) द्रावणातून मॅग्नेशियम धातू विद्युत् मार्गाने चढवता येतो हे गेल्या शतकाच्या पूर्वार्धातच माहीत होतं. (ज्या अभिकारकासाठी व्हिक्टर ग्रिन्यार यांना १९१२ साली नोबेल मिळालं, तोच हा. सेंद्रिय रसायनशास्त्राच्या पेपरात आपण तो घोकतो.) १९९० साली डाऊ केमिकलमध्ये टी. डी. ग्रेगरी आणि सहकाऱ्यांनी यावर पद्धतशीर काम छापलं. पुढे २००० साली इस्रायलच्या बार-इलान विद्यापीठात डोरॉन ऑर्बाख यांच्या गटाने पहिली खऱ्या अर्थाने टिकाऊ पुनर्भारित, म्हणजे पुन्हा चार्ज करता येणारी, मॅग्नेशियम बॅटरी दाखवली. मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड, मॉलिब्डेनम सल्फाइडचा ‘शेव्हरेल फेज’ कॅथोड आणि मधे टेट्राहायड्रोफ्युरानमध्ये मॅग्नेशियम-अॅल्युमिनियमचं सेंद्रिय क्लोराइड लवण. दोन हजारांहून जास्त सायकल (चार्ज-डिस्चार्जच्या फेऱ्या) चालली. व्होल्टेज मात्र १.१ च्या आसपास.

त्या क्लोराइड इलेक्ट्रोलाइटची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. तो स्टेनलेस स्टील आणि अॅल्युमिनियम गंजवतो, म्हणजे बॅटरीचं डबडं आणि विद्युत गोळा करणारी पट्टी दोन्ही धोक्यात. शिवाय जास्त व्होल्टेजच्या ऑक्साइड कॅथोडशी त्याचं जमत नाही. उलट, त्या कॅथोडना मानवणारे साधे इलेक्ट्रोलाइट मॅग्नेशियम धातूला मानवत नाहीत. एकाच द्रवाने दोन्ही टोकं सांभाळायची आहेत आणि टोकांच्या मागण्या परस्परविरोधी आहेत. पर्यायी अ‍ॅनोडचा विचार या कोंडीतून आला. जास्त साठा मिळावा म्हणून तो आलेला नाही, हे आधीच लक्षात ठेवलं तर पुढचे बरेच गोंधळ टळतात.

ग्राफाइट का नाही? लिथियमला तर तेच चालतं.

मॅग्नेशियम एकटा ग्राफाइटच्या थरांत शिरून स्थिर संयुग बनवत नाही. ऊर्जेचं गणित जुळत नाही. ग्लाइमसारख्या द्रावकाचे रेणू सोबत घेऊन तो आत शिरू शकतो, तसे प्रयोग झाले आहेत. पण मग ग्राफाइट खूप फुगतं आणि बरीचशी जागा द्रावकच खातो.

मग कोणते पदार्थ पुढे आले?

मुख्यतः मॅग्नेशियमशी मिश्रधातू करणारे धातू. धातूच्या आत मोकळे इलेक्ट्रॉन असल्याने आयनचा दुप्पट भार झाकला जातो आणि त्याचं चिकटणं कमी होतं. २०१२ साली टोयोटाच्या उत्तर अमेरिकेतल्या संशोधन संस्थेने बिस्मथ, अँटिमनी आणि दोघांचे मिश्रधातू तपासले आणि या विषयाला खरी गती मिळाली. २०१३ साली त्याच संस्थेने कथिलावरचं काम छापलं.

एका ग्रॅम यजमान धातूमागे सैद्धांतिक क्षमता पाहा. बिस्मथ ३८५ एमएएच, इंडियम ४६७, शिसं ५१७, अँटिमनी ६६०, कथील ९०३, सिलिकॉन सुमारे ३८००. हा क्रम बघून कोणीही सिलिकॉन उचलेल. प्रयोगशाळेत क्रम जवळपास उलटा लागतो. सिलिकॉनमध्ये मॅग्नेशियम इतका संथ सरकतो की खोलीच्या तापमानाला त्याचा उपयोग होत नाही. अँटिमनीची क्षमता पहिल्या काही सायकलींतच ढासळते. शिशाचं विष आपल्याला परवडणारं नाही. इंडियम मॅग्नेशियमपासून जेमतेम ०.१ व्होल्टवर काम करतं, म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज फारसं घटत नाही, ही मोठी जमेची बाजू. पण वेगाने चार्ज केलं की क्षमता पडते, आणि टचस्क्रीनच्या उद्योगाशी त्याच्या भावात स्पर्धा करणार कोण?

बिस्मथचं एवढं कौतुक का होतं?

कारण ते चालतं. बिस्मथच्या दोन अणूंमागे मॅग्नेशियमचे तीन अणू बसतात आणि त्या संयुगात मॅग्नेशियमचे आयन खोलीच्या तापमानालाही झपाट्याने सरकतात. अमेरिकेतल्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेने २०१४ साली बिस्मथच्या नॅनोनळ्या वापरून २०० सायकलींनंतरही क्षमता बहुतांशी टिकल्याचं दाखवलं. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते फ्रान्समधल्या माँपेलिए इथल्या गटाचं २०१५ चं काम: त्यांनी साधी, मायक्रॉन आकाराची बिस्मथ भुकटी घेतली आणि तीही चांगली चालली. नॅनो रचनांचे फोटो सुंदर दिसतात, पण कारखान्यात टनावारी लागते ती भुकटी.

आणखी दोन गोष्टी. पूर्ण भरल्यावर बिस्मथचं आकारमान साधारण दुप्पट होतं. फुगलेल्या अवस्थेत मोजलं तरी एका घन सेंटिमीटरमागे सुमारे १९०० एमएएच मिळतात, म्हणजे ग्राफाइटच्या दुपटीहून जास्त. दुसरं, हा जड धातू असूनही शिशासारखा घातक नाही. पोटाच्या औषधांतही त्याची संयुगं असतात.

तोटा वजनात आणि व्होल्टेजमध्ये. मॅग्नेशियम धातूपेक्षा तो साधारण ०.३ व्होल्ट वर काम करतो, आणि तेवढं व्होल्टेज प्रत्येक सेलमधून कायमचं वजा होतं.

कथिलाची क्षमता दुपटीहून जास्त आहे. त्यावर भर का नाही?

कथील फुगून जवळपास तिप्पट होतं. तेही एक वेळ सांभाळता येईल, पण मॅग्नेशियम आत गेल्यावर जे संयुग बनतं त्यातून तो पुन्हा बाहेर काढणं अवघड जातं. मोठ्या कणांत तर गाभा तसाच अडकून राहतो. कथील-अँटिमनी मिश्रधातूत सुरुवातीच्या सायकलींनंतर कथिलाचे अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि ते बरे चालतात, असं २०१५ च्या सुमारास दिसलं. तरी छापलेली ९०३ ही संख्या बघून प्रकल्प निवडू नका.

गॅलियमचा अ‍ॅनोड स्वतःच बरा होतो म्हणतात, ते काय आहे?

या विषयातला मला सर्वांत आवडलेला प्रयोग. गॅलियम २९.८ अंश सेल्सिअसला वितळतं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या एका गटाने २०१९ साली मॅग्नेशियम-गॅलियम संयुगाचा अ‍ॅनोड ४० अंशांच्या आसपास चालवला. मॅग्नेशियम बाहेर पडला की मागे उरलेलं गॅलियम द्रव होतं, मॅग्नेशियम परतला की पुन्हा घन संयुग. फुगण्या-आकसण्याने पडलेल्या भेगा प्रत्येक फेरीत द्रव अवस्थेत भरून निघतात. वेगाने चार्ज-डिस्चार्ज करूनही हजारावर सायकल मिळाल्या. आता ४० अंश म्हणजे नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात वेगळं तापवायची गरज नाही, पण महाबळेश्वरच्या डिसेंबरात हीच बॅटरी रुसेल. गॅलियमचा भाव आणि पुरवठा हा तर निराळाच प्रश्न, तो पुढे येतो.

मिश्रधातूंशिवाय काही आहे का?

लिथियम टायटेनेट. लिथियम बॅटरीत ते ‘न फुगणारा’ अ‍ॅनोड म्हणून प्रसिद्ध आहे, आणि चिनी संशोधकांनी त्यात मॅग्नेशियमही शिरतो हे दाखवलं. कण अगदी बारीक असतील तरच. जाड कणांत आयन पोचत नाहीत. क्षमता ग्रॅममागे १७५ एमएएचच्या आत आणि व्होल्टेजचा तोटा बिस्मथपेक्षाही मोठा.

याशिवाय एका अणूच्या जाडीच्या पदार्थांवर, म्हणजे बोरोफिन, फॉस्फोरिन आणि त्यांच्या भावंडांवर, संगणकी गणिताचे भरपूर निबंध निघतात. क्षमता हजारांत सांगितलेली असते. बहुतेकांत तो पदार्थ हातात घेऊन कोणी सेल बनवलेला नसतो. मी ते निबंध कल्पना म्हणून वाचतो, पुरावा म्हणून नाही.

बिस्मथ लावून प्रत्यक्षात किती ऊर्जा मिळेल? अंक मांडून सांगा.

कागदावरच करून पाहू. फक्त दोन्ही इलेक्ट्रोडमधल्या (अ‍ॅनोड आणि कॅथोडमधल्या) सक्रिय पदार्थांचं वजन धरू. डबी, पट्ट्या, द्रव काहीच नाही.

शेव्हरेल फेज कॅथोडची क्षमता ग्रॅममागे १२८ एमएएच. समोर मॅग्नेशियम धातू (२२०५) ठेवला तर दोघांचं एकत्र वजन धरून जोडीची क्षमता सुमारे १२१ येते. तिला १.१ व्होल्टने गुणा: किलोमागे सुमारे १३० वॉट-तास. आता धातूच्या जागी मॅग्नेशियम भरलेलं बिस्मथ ठेवा, त्याची क्षमता संयुगाच्या वजनावर सुमारे ३२८. जोडीची क्षमता ९२ आणि व्होल्टेज ०.८. उत्तर ७५ च्या आसपास, म्हणजे ऊर्जा जवळपास निम्म्यावर आली. याच पद्धतीने लिथियम आयर्न फॉस्फेट आणि ग्राफाइटची जोडी मोजली तर ३८० च्या आसपास येते.

हे आकडे दाखवले की वर्गात शांतता पसरते. पण त्यात एक खोच आहे. १.१ व्होल्टमधून ०.३ गेले तर पाव भागाहून जास्त गेलं. कॅथोड ३ व्होल्टचा असता तर तेच ०.३ म्हणजे फक्त दहावा हिस्सा. आणि ३ व्होल्टजवळचे कॅथोड, उदाहरणार्थ मॅग्नेशियम-मँगनीज ऑक्साइडचे स्पिनेल (एका विशिष्ट स्फटिकरचनेचे पदार्थ), नेमके तेच आहेत ज्यांना क्लोराइड इलेक्ट्रोलाइट झेपत नाही. म्हणून आजच्या कॅथोडसमोर बिस्मथ ठेवणं तोट्याचा सौदा, आणि उद्याच्या कॅथोडसाठी तोच कदाचित एकमेव दरवाजा. माझं या विषयावरचं मत थोडक्यात हेच: अ‍ॅनोड वेगळा निवडायचा असेल तर आधी कोणता कॅथोड आणि कोणता इलेक्ट्रोलाइट साधायचा आहे ते सांगा. ते न सांगता दिलेली अ‍ॅनोडची क्षमता मला अर्धवट वाटते.

बिस्मथ लावला की कोणताही साधा इलेक्ट्रोलाइट चालेल ना?

नाही, आणि प्रस्तावनांमध्ये हे वाक्य फार सहज लिहिलं जातं. टोयोटाच्या २०१२ च्या कामात मॅग्नेशियम धातूला न मानवणारा अॅसिटोनायट्राइलचा इलेक्ट्रोलाइट बिस्मथसोबत चालला, हे खरं. पण बिस्मथ मॅग्नेशियमपासून जेमतेम ०.३ व्होल्ट वर आहे. जो द्रावक मॅग्नेशियमवर फुटतो (विघटित होतो) त्याला तेवढ्याने फारसा दिलासा मिळत नाही. बरेचसे बिस्मथवरही हळूहळू फुटतात. प्रत्येक जोडी तपासूनच पाहावी लागते.

बॅटरीत मॅग्नेशियम मुळात येणार कुठून?

हा प्रश्न कमी लोक विचारतात आणि तो विचारायलाच हवा. लिथियम-आयन बॅटरीत लिथियम कॅथोडमधून येतं. ग्राफाइट रिकामंच भरतात. मॅग्नेशियमचे बहुतेक कॅथोड (शेव्हरेल फेज, गंधक, व्हॅनेडियम ऑक्साइड, सेंद्रिय पदार्थ) मॅग्नेशियमविना तयार होतात. धातूचा पत्रा असेल तर साठा आपोआप आलाच. नुसतं बिस्मथ लावलं तर दोन्ही टोकं रिकामी! मग मॅग्नेशियम-बिस्मथ संयुग आधीच बनवून लावावं लागतं, आणि ते दमट हवेत खराब होतं. हे काम पावसाळ्यातल्या कोकणात नको, आणि इतरत्रही कोरड्या खोलीचा खर्च तर आलाच.

शोधनिबंधातल्या दाव्यांवर किती विश्वास ठेवावा?

समोरचा इलेक्ट्रोड कोणता आहे ते आधी पाहा. बहुतेक चाचण्या ‘हाफ सेल’मध्ये होतात: एका बाजूला बिस्मथ, दुसऱ्या बाजूला मॅग्नेशियमचा जाड पत्रा. म्हणजे ज्या धातूपासून सुटका हवी होती तोच समोर, आणि त्याला मानवणारा क्लोराइड इलेक्ट्रोलाइटही तोच. शिवाय जाड पत्र्यात मॅग्नेशियमचा साठा जवळजवळ अमर्याद. दर फेरीत एक टक्का वाया गेला तरी पत्रा ती भर घालत राहतो आणि आलेख सपाट दिसतो. पूर्ण सेलमध्ये तेवढा साठा नसतो. दर सायकलला ९९ टक्के परत येत असेल तर १०० सायकलींनंतर उरतात जेमतेम ३७ टक्के. ९९.९ टक्के असेल तर ९० टक्के. दशांशानंतरच्या त्या एका नऊवर सगळं अवलंबून आहे.

नंतर पाहा इलेक्ट्रोडवर पदार्थ किती आहे. चौरस सेंटिमीटरवर मिलिग्रॅमभरही नसेल तर वेगाचे दावे बाजूला ठेवा. व्होल्टेज वेगळं मोजण्यासाठी तिसरा, संदर्भ इलेक्ट्रोड वापरला आहे का तेही बघा. दोनच असतील तर दिसणाऱ्या व्होल्टेजमधला दोष अ‍ॅनोडचा की समोरच्या पत्र्याचा हे कळत नाही.

दरम्यान मॅग्नेशियम धातूवाले गप्प बसले आहेत का?

मुळीच नाही. टोयोटाच्याच गटाने २०१५ साली कार्बोरेन लवणाचा क्लोराइडविरहित इलेक्ट्रोलाइट दाखवला. २०१७ साली जर्मनीतल्या उल्म इथे फ्लुओरिनयुक्त बोरेट लवण आलं. २०१८ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेने पॉलिअॅक्रिलोनायट्राइल तापवून मॅग्नेशियमवर कृत्रिम, आयन जाऊ देणारा थर बसवला आणि कार्बोनेट द्रावकातही धातू चालवला. २०२१ साली मेरीलँड विद्यापीठातून मेथॉक्सी-अमाइन द्रावकांचं काम आलं. हे सगळं स्वस्त आणि टिकाऊ झालं तर बिस्मथची गरजच संपेल. तसं झालं तर मला वाईट वाटणार नाही.

धातूचा पत्रा निदान डेंड्राइटपासून तरी सुरक्षित आहे ना?

डेंड्राइट म्हणजे चार्ज करताना धातूवर वाढणाऱ्या, शॉर्ट सर्किट करू शकणाऱ्या सुईसारख्या फांद्या. त्यांच्यापासून तो लिथियमपेक्षा बराच सुरक्षित. पण ‘मॅग्नेशियमला डेंड्राइट येतच नाहीत’ हे वाक्य आता खोडा. टेक्सास ए अँड एम विद्यापीठातल्या गटाने ग्रिन्यार द्रावणात मॅग्नेशियमच्या फांद्या वाढताना दाखवल्या आहेत. दुसरी अडचण साधी यांत्रिक आहे: मॅग्नेशियमची स्फटिकरचना षट्कोनी असल्याने थंड स्थितीत तो लाटताना तडकतो आणि खूप पातळ पत्रा मिळणं कठीण जातं. म्हणून काही गट एझेड३१ या मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा पातळ पत्रा वापरून पाहतात.

कच्चा माल मुबलक आहे, मग चीनवरचं अवलंबन तरी सुटेल?

मॅग्नेशियमचं खनिज मुबलक आहे, धातू नाही. जगातल्या मॅग्नेशियम धातूपैकी ८० टक्क्यांहून जास्त चीनमध्ये बनतो, मुख्यतः डोलोमाइट भाजून आणि फेरोसिलिकॉनसोबत निर्वातात तापवून. २०२१ साली तिथल्या वीजकपातीत भट्ट्या मंदावल्या तेव्हा युरोपातले अॅल्युमिनियम आणि वाहन कारखाने हादरले होते. पर्यायी अ‍ॅनोडची गत आणखी वाईट. बिस्मथ हे बहुतांशी शिसं आणि टंगस्टन काढताना मिळणारं उपउत्पादन. फेब्रुवारी २०२५ मध्ये चीनने बिस्मथ, इंडियम आणि मॉलिब्डेनमच्या संबंधित वस्तूंवर निर्यात परवान्याची अट घातली. गॅलियमवर ती ऑगस्ट २०२३ पासूनच आहे. अ‍ॅनोडचे दोन-तीन उमेदवार आणि शेव्हरेल फेजमधला मॉलिब्डेनम, सगळे त्या यादीत.

आपल्याकडे डोलोमाइट विदर्भात यवतमाळ-चंद्रपूर भागातही आहे, मॅग्नेसाइट तमिळनाडूत सेलमला. खडक असणं आणि धातू स्वस्तात बनणं यांत वीज आणि भांडवल उभं आहे.

भारतात हा विषय शिकायचा तर कुठे?

विद्युतरसायनासाठी तमिळनाडूतल्या कारैकुडीची सीएसआयआर-सेक्री (केंद्रीय विद्युतरसायन संशोधन संस्था) ही जुनी आणि भक्कम जागा. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि आयसर इथे बॅटरीच्या पदार्थांवर काम चालतं. अर्ज करण्याआधी त्या त्या गटाचे अलीकडचे निबंध वाचून मॅग्नेशियमवर खरंच कोण काम करतंय ते पाहा.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत हे करून पाहता येईल का?

मॅग्नेशियमची फीत, तांब्याचा तुकडा आणि मिठाचं पाणी यांचे दोन-तीन सेल एकामागोमाग जोडून छोटा एलईडी लावता येतो, पण ती एकदाच वापरायची बॅटरी. पुनर्भारित सेलसाठी आर्गॉन भरलेला ग्लव्ह बॉक्स (बाहेरून हातमोज्यांनी काम करायची हवाबंद पेटी) लागतो. ग्रिन्यार द्रावण आणि टेट्राहायड्रोफ्युरान उघड्या टेबलावर हाताळू नका. पहिलं पाण्याशी जोरात प्रक्रिया करतं आणि दुसऱ्याची वाफ सहज पेट घेते.

ग्लव्ह बॉक्स मिळणार असेल तर एम.एस्सी.साठी बाजारातली बिस्मथ भुकटी, क्लोराइडविरहित एकच इलेक्ट्रोलाइट आणि तीन इलेक्ट्रोडचा सेल एवढं पुरेसं आहे. सहा महिन्यांत पन्नास सायकलींची स्वच्छ, पुन्हा करून दाखवता येईल अशी माहिती हाती आली तर नवं नॅनोफूल उमलवण्यापेक्षा ती परीक्षकाला आणि पुढच्या विद्यार्थ्याला जास्त उपयोगी पडेल.